कुमुदचे जंत

कुमुद, तुझे जंत ठीक आहेत. हे आधी सांगून टाकते, कारण तू असतीस तर पहिलं तेच विचारलं असतंस. माणसांची चौकशी नंतर, चहा आल्यावर.

परवा त्यांना नव्या प्लेटवर हलवलं. तुझ्यासारखं तारेच्या टोकावर एकेक उचलणं मला या जन्मात जमायचं नाही. मी आपली सुरीने अगारच्या जेलीचा चौकोन कापते आणि नव्या प्लेटवर पालथा घालते. तू त्याला 'ट्रकमध्ये बारात कोंबणं' म्हणायचीस. म्हण बापडी. वरात खाली उतरली आणि जिवाणूंच्या सायीवर पसरून जेवायला बसली. तू गेल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं. मला त्यांचा खरंच राग आला, आणि मग त्या रिकाम्या प्रयोगशाळेत मी बराच वेळ रडले. बरं वाटलं.

आपल्या ताप्तीकाठच्या लालबागच्या शाळेत आपण एका बाकावर होतो. पुढे एकाच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागलो, राज्य हिंदी म्हणून शिकवायचं हिंदीत आणि भांडायचं मराठीत. शाळेतली तू मला अजून दिसतेस. सकाळी प्रार्थनेला माझ्या पुढे धावत जाणारी मुलगी मधल्या सुट्टीनंतर वेगळीच व्हायची. पापण्या खाली यायच्या, मान हातावर टेकायची. उत्तर द्यायला उजवा हात वर केलास की त्याला डाव्या हाताचा टेकू लागायचा. मला ती तुझी ऐट वाटायची. मीही काही दिवस तसाच हात वर करून पाहिला आणि बाईंचा ओरडा खाल्ला. तुला सगळे झोपाळू म्हणायचे, घरी आळशी म्हणायचे, आणि तू दोन्ही नावं निमूट घेतलीस. दुसरं नाव तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं.

ते नाव चाळिशीत मिळालं. त्या दिवशी तू स्टाफरूममध्ये मावा जलेबीचा डबा घेऊन आलीस. प्रमोशन झालं का, कोणाचं लग्न ठरलं का, सगळ्यांनी विचारून पाहिलं. तू शांतपणे म्हणालीस, "माझा जीन सापडला." गणितवाल्या सरांना वाटलं, काहीतरी हरवलेलं परत मिळालं. त्यांनी अभिनंदन केलं आणि दोन जलेब्या घेतल्या. आपण दोघी जिन्यात जाऊन पोट धरून हसलो, आणि हसताना तुझा श्वास पुरेना म्हणून तू पायरीवर बसलीस. तेव्हा तू मला सगळं सांगितलंस. नसेच्या टोकातून ऍसिटिलकोलिन नावाच्या रसायनाचा एक थेंबसुद्धा म्हणता येणार नाही एवढा शिडकावा होतो, समोर स्नायूवर त्याच्यासाठी दारं असतात, दार उघडलं की स्नायू आवळतो. तुझ्याकडे दारंच कमी होती. दार घडवायचा जो नुसखा, त्यात एका जागी चूक, आणि ती तू जन्मतःच घेऊन आलेली. सकाळी शिडकावा भरपूर असतो म्हणून थोड्या दारांवरही भागतं. दिवस चढतो तसा शिडकावा आटत जातो, आणि मग नस बोलावते पण स्नायूला ऐकूच येत नाही.

हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवत होते. नसेकडून स्नायूकडे संदेश जातो, आकृती काढा, नावं द्या, दहा गुण. ती आकृती माझ्या शेजारी बसून डबा खात होती हे मला जिन्यात कळलं.

मग गोळी सुरू झाली. शिडकावा झाल्यावर तो पुसून टाकणारं एक एन्झाइम असतं, गोळी त्याला जरा आवरते, म्हणजे निरोप थोडा जास्त वेळ दारात उभा राहतो. तुझ्या भास्करदादाने बहादरपूरला केळीच्या मुळाशी सूत्रकृमींसाठी दाणेदार औषध टाकायला घेतलं होतं, तू त्या पिशवीवरचं नाव वाचलंस आणि खूश झालीस. कामाची रीत तीच, त्याच एन्झाइमला अडवायचं. जास्त झालं की निरोप पुसलाच जात नाही, आणि कृमी आखडून मरतो. भावाला म्हणालीस, तू शेतात पोत्याने टाकतोस ते मी चिमटीने खाते. त्याने घाबरून ती पिशवी कुलुपात ठेवली. तेव्हाच ओळखायला हवं होतं की तुझ्या समजावण्याची पद्धत घरच्यांना सोसत नाही.

जंत त्यानंतर आले. पुण्यात संशोधन करणाऱ्या तुझ्या जुन्या विद्यार्थिनीने दोन प्लेटा पाठवल्या. एकीत धडधाकट, दुसरीत ज्यांच्या दाराच्या जीनमध्ये खोट आहे असे. दोन्हीकडे डोळ्यांनी पाहिलं तर फक्त धूळ. प्राचार्यांना तू सांगितलंस की हे रोगाचे जंत नव्हेत, मातीत आणि सडक्या फळात राहणारे गरीब जीव आहेत, माणसाच्या वाटेला जात नाहीत. त्यांनी तरी लगेच हात धुवायला साबण मागवला.

प्रयोगासाठी औषध आणायला आपण स्कूटरवर ताप्तीपलीकडे जैनाबादला गेलो होतो, आठवतं? बकऱ्यांना जंतावर देतात ते लेव्हामिसोल. दुकानदाराने विचारलं, मॅडम, बकरियाँ कितनी हैं. तू म्हणालीस, हजारों हैं भैया, पर दिखती नहीं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याने बाटली दिली आणि पुढचं काही विचारलं नाही.

आणि मग तो दिवस. तू म्हणालीस, मीना, आधी नुसतं बघ, बोलू नकोस. मी भिंगाला डोळा लावला. धुळीच्या कणाचा एक काचेसारखा जीव झाला होता. आरपार दिसत होता. घसा दबत-फुगत होता, पोटात अंडी ओळीने बसली होती, आणि अंगातून एकामागून एक वळण निघत होतं, डोक्यापासून शेपटीपर्यंत. तू कानाशी सांगत होतीस. एका बाजूला आवळ म्हणून निरोप जातो, त्याच वेळी समोरच्या बाजूला सोड म्हणून दुसरा जातो, म्हणून वळण पडतं. दोन्हीकडे आवळ गेलं तर तो काठीसारखा ताठ होईल. अख्ख्या अंगात तीनशेच्या आसपास चेतापेशी, आणि त्यांची ही शिस्त. मी विचारलं, हे सगळं याला कोणी शिकवलं. तू म्हणालीस, कोणी नाही, लिहूनच आणलंय. ज्या जीनवरून त्याची दारं घडतात त्यांचे लांबचे भाऊबंद आपल्या अंगात आहेत. आपल्या आणि त्याच्या वाटा फुटून कोट्यवधी वर्षं झाली, तरी नस स्नायूशी बोलते ती भाषा कोणी बदलली नाही.

माझ्या अंगावर काटा आला, कुमुद. तुला तेव्हा मी म्हणाले, बरं आहे. तुला माझा तो 'बरं आहे' माहीत होता म्हणून तू वाईट वाटून घेतलं नाहीस. पण आता स्पष्ट लिहिते. त्या दिवसापासून कपबशी उचलताना मी माझ्या हाताकडे बघते. तो ऐकतो याचंच नवल वाटतं. हे तू दिलंस, आणि याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत, मैत्रीत ते बरं दिसत नाही म्हणून.

आपलं भांडण अर्धं राहिलंय, त्याचं काय करायचं? मी दुसऱ्या प्लेटला खराब जीनची प्लेट म्हणायची आणि तुझा पारा चढायचा. खोट असलेले ते जंत साध्या प्लेटवर रखडत चालायचे, मग खराब नाही तर काय म्हणायचं? तू दोन्ही जातीचे काही जंत लेव्हामिसोल घातलेल्या प्लेटवर ठेवलेस. लेव्हामिसोल त्याच दारातून आत शिरतं. धडधाकटांची दारं भरपूर, त्यामुळे थोड्या वेळात ते सगळे आखडून जागीच थिजले. आणि रखडणारा गडी, ज्याला ती दारं नाहीत, दुसऱ्या मोजक्या दारांवरच भागतं, तो त्या थिजलेल्यांमधून आपल्या मंद चालीने निघून गेला. "आता सांग, खराब कोण?" तू विचारलंस. मी म्हणाले, हे मनाच्या समाधानाला ठीक आहे, पण लेव्हामिसोलच्या प्लेटवर जन्म काढायचाय कोणाला? तू हसलीस आणि म्हणालीस, उत्तर देईन. दिलं नाहीस. मला वाटतं तुझ्याकडेही नव्हतं. पण तू असं काही तरी शोधून काढलं असतंस की मी आठवडाभर गप्प बसले असते, आणि ते हुकलं याचं मला फार वाईट वाटतं.

तुझा जीव मात्र जंतात नव्हता, तन्वीत होता. भास्करदादाची मुलगी पाचवीत गेली आणि शाळेतून निरोप यायला लागले, शेवटच्या तासाला डुलक्या घेते, जेवण चघळत बसते, जिना चढायला कुरकुरते. तू पापण्या पाहिल्यास आणि ओळखलंस. तुला एवढंच हवं होतं की तिचं रक्त तपासून व्हावं आणि गोळी लहानपणीच सुरू व्हावी. तुझ्यासारखी चाळिशीपर्यंत आळशी म्हणवून घ्यायची वेळ तिच्यावर येऊ नये, आणि तुझ्यासारखा तिचा श्वास एखाद्या सर्दीत अडकू नये. एवढीच गोष्ट, आणि ती तू कशी मांडलीस? आखाजीच्या दिवशी, ऐन अक्षय्यतृतीयेला.

बाई गं, दिवस तरी बघायचास. पितरांची घागर पाटावर मांडलेली, तिच्यावर खरबूज, पानात आमरस आणि सांजोऱ्या. सुलभावहिनी आपल्याला वाढत होती. आणि तू पानाच्या कडेला सांजोऱ्या मांडून समजावायला लागलीस. ही आजी, हे आजोबा तिच्या आत्याचा मुलगा, ही आई आत्याच्या घरात दिलेली, आणि हा दादा, त्यानेही मामाचीच मुलगी केली. एकच जीन घरातल्या घरात फिरत राहिला, म्हणून दोन्हीकडून एकच खोट मिळते, आधी मला, आता तन्वीला. शास्त्र अगदी बरोबर होतं. चूक एवढीच की तुमच्याकडे मामाची मुलगी करणं हा मान, मामाचं घर म्हणजे आईचं माहेर, आणि ज्यांच्या नावाने घागर भरली त्यांचाच तू पानात हिशेब मांडलास. वहिनी वाटी ठेवून आत गेली. भास्करदादा म्हणाला, "कुमी, आईच्या माहेराले नावं ठेवाले आली का तू? माह्या पोरीले काही झालं नाही." तू बरोबर होतीस आणि घरात कोणी तुझ्याशी बोलेना. परत येताना स्कूटरवर मी तुला म्हणाले, मामापासून सुरुवात करायचीच कशाला, जंतापासून करायची. तू म्हणालीस, भाऊ आहे तो माझा, त्याला जंत कशाला दाखवू, घरचं सांगितलं. यावर आपण लालबाग येईपर्यंत भांडलो.

पुढच्या आखाजीला तू गेली नाहीस. तन्वीला लांबूनच पाहत राहिलीस.

मग या पावसाळ्यातला तो खोकला, दवाखाना, आणि श्वास घ्यायलाही स्नायूच लागतात हे मला काचेपलीकडून बघावं लागणं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. नळी घालायच्या आधी तू माझा हात धरून बोटाने काही तरी खूण केलीस, ती मला कळली नाही. मी खूप विचार केला. बहुतेक प्लेटा बदलायला सांगत होतीस.

ताप्तीवरचा दहावा झाला आणि त्यानंतर भास्करदादा कॉलेजात आला, तुझं सामान न्यायला. दुपारची वेळ. मी मुलांसाठी प्रयोग मांडत होते, साधी प्लेट आणि लेव्हामिसोलची प्लेट. त्याने टोपी काढून स्टुलावर ठेवली आणि विचारलं, हेच का तिचे ते. मी म्हटलं, बघा. केळीवाला माणूस, सूत्रकृमीने सडलेली मुळं त्याने आयुष्यभर पाहिली, पण सूत्रकृमी स्वतः कसा दिसतो ते कधी पाहिलं नव्हतं. त्याने डोळा लावला आणि तो हललाच नाही. किती सुंदर आहे हे तो बोलला नाही, पण त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

साध्या प्लेटवर दोन्ही जातीचे जंत होते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "हा एक आळशी दिसते."

मी तो आणि त्याचे सोबती लेव्हामिसोलच्या प्लेटवर ठेवले आणि चहा मागवला. चहा होईपर्यंत धडधाकट थिजले होते. मी भास्करदादाच्या हातात तुझी ती काडी दिली, टोकाला केस चिकटवलेली, आणि सांगितलं, हळूच स्पर्श करून बघा, जिवंत असेल तर हलेल. तो केस तुझ्या पापणीचा आहे हे सांगितलं नाही. जंताला तारेने इजा होते आणि पापणीच्या केसाने होत नाही, म्हणून तू स्वतःचाच उपटला होतास, नेलपॉलिशने चिकटवून. त्याने ती जाड बोटांत नीट धरली. एकाला लावून पाहिलं, हलला नाही. दुसऱ्याला, नाही. मग तो आळशी गडी दिसला, कोणी न शिवता चाललेला.

"हा कसा काय वाचला?"

मी सांगितलं. दारं, निरोप, औषध. जेवढं तू मला जिन्यात सांगितलं होतंस तेवढंच, मामाचं नाव न घेता. औषध याच्या आत शिरलं नाही कारण दार नाही. आणि दार नाही म्हणूनच याची नस हाक मारते तीही आत नीट पोचत नाही. हा आळशी नाही, दादा. याला हाकच कमी ऐकू येते.

तो भिंगावरून उठला नाही. डोळा तिथेच ठेवून बोलला, म्हणून मला त्याचा चेहरा दिसला नाही. "लहानपणी दुपारून ती केळीच्या बांधावर बसून राहे. मी म्हणो, नाटक करू राहिली. बापाले सांगो. बाप मारे तिले." मग म्हणाला, "म्हणजे कुमीले होतच नव्हतं. ती टाळत नव्हती."

नव्हती, मी म्हणाले.

चहा गार झाला. डोळे पुसून त्याने काडी जपून टेबलावर ठेवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, तन्वीची तपासणी करायची तर तिथं मामाचं नाव लिहावं लागते का. मी म्हटलं, नाही दादा, नुसतं तिचं रक्त द्यायचं. तो म्हणाला, मग घेऊन जातो. कुमुद, तू इतके दिवस ज्या दारावर डोकं आपटलंस ते असं, बकरीच्या औषधाने उघडलं. मी त्याच्यासमोर हसले नाही. तू हसली असतीस.

ते इंदूरला जाऊन आले. तुझा जीन आधीच माहीत होता, त्यामुळे डॉक्टरांना अंधारात चाचपडावं लागलं नाही. नेमकं कुठे बघायचं हे तू तुझ्या रक्तातून सांगून ठेवलं होतंस. तीच खोट निघाली. गोळी सुरू झाली आहे, अगदी थोडी, बेतानं वाढवायची. ती कायम घ्यावी लागेल, तिने सगळं बरं होणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. सुलभावहिनी डब्यात गोळ्या मोजून भरते. तो डबा ती देव्हाऱ्याशेजारी ठेवते, हे तुला आवडलं नसतं.

या रविवारी मी बहादरपूरला गेले. दिवस कलायला आला होता, तुझी आणि तिची पापण्या मिटायची वेळ. आम्ही अंगणात बाजेवर बसलो होतो आणि तन्वी केळीच्या ओळींतून पळत आली. पळत. येऊन माझ्यासमोर उभी राहिली, टेकली नाही, बसली नाही. डोळे असे उघडे की मला त्यांचा रंग पहिल्यांदा दिसला, तुझ्यासारखा पिंगट आहे. ती स्वतःच्या हाताकडे बघत होती, मूठ मिटत होती, उघडत होती.

"मावशी, सगळ्यांचं असंच असतं का? पूरा दिन?"

हो, मी म्हणाले. बहुतेक सगळ्यांचं.

भास्करदादा हौदावर हात धूत होता. तो धूतच राहिला.

"इतकं भारी असतं," तन्वी म्हणाली, "तर कोणी बोलत का नाही त्याच्याबद्दल?"

मी म्हणाले, तुझी आत्या बोलायची की.

तिने विचार केला. "आत्या तर जंतांबद्दल बोलायची."

"तेच," मी म्हणाले. "तेच ते."